बाबांच्या ट्रकचा चार्जर

खेळण्यांच्या दुकानात वडिलांसाठी चार्जर मागायला गेलेल्या बाईकडे दुकानदार कसे बघतात, ते मला आता पाठ झालं आहे. धरमपेठेतल्या एकाने विचारलं, "मॅडम, मुलगा किती वर्षांचा आहे?" मी म्हटलं, "सत्तरचा." तो हसला. मला हसू येण्यासारखं काही घडत नव्हतं.

बाबांनी उमरेडजवळच्या कोळसा खाणीत सगळी नोकरी डंपर चालवण्यात काढली. शिडी चढून आत बसावं लागायचं, एवढा मोठा डंपर. आई गेल्यावर ते माझ्याकडे नागपूरला राहायला आले आणि येताना आपली गिअरची जुनी स्कूटर घेऊन आले. मग काचबिंदू निघाला. त्यांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्यावर बाबांचं उत्तर तयार होतं.

"समोर तर चकाचक दिसून राह्यलं मले. मी काय बाजूले चालवतो का गाडी?"

वाद घालून घालून थकले, तेव्हा मी त्यांना रिमोटवर चालणारा ट्रक आणून दिला. अर्धी थट्टाच होती ती. पण बाबांनी गच्चीवर रेतीचा ढीग घातला, विटांचा चढ केला आणि ट्रक भरून वर नेऊन उलटवायला सुरुवात केली. रिव्हर्स घेताना तर ते स्वतःच मान वळवून मागे बघायचे. खूश होऊन त्यांनी मला शब्द दिला, "हा ट्रक चालू हाये तोवर स्कूटरले हात नाही लावत."

मी सुटकेचा निःश्वास टाकला तो उगाच. ट्रक चालायचा जेमतेम वीस मिनिटं, आणि त्याच्यासोबत आलेला चिमुकला चार्जर बॅटरी भरायला अख्खी दुपार घ्यायचा. एके दिवशी मी ऑफिसात असताना बाबा स्कूटर घेऊन निघाले आणि बाजूने आलेल्या पपयांच्या ठेल्यावर आदळले. नशीब, कोणाला लागलं नाही. मी चिडले तर शांतपणे म्हणाले, "शब्द कुठं मोडला मी? ट्रक चार्जिंगले होता."

जादा बॅटरी कुठेही मिळेना. म्हणून मी वेगवान चार्जरच्या मागे लागले. रिकामा वेळच उरला नाही, तर स्कूटरची आठवण येणार कशी, असा माझा हिशेब होता.

इतवारीत खेळण्यांचा ठोक माल मिळतो म्हणून भर उन्हात तिकडे गेले. हातगाड्या चुकवत आत शिरले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, डझनाच्या खाली नाही देत." एक डझन चार्जर घेऊन मी काय घराला तोरण बांधू? दुसऱ्याने मोबाईलचा चार्जर पुढे केला. "चार्जर तो चार्जर, लावून तर पाहा!" मी घरी येऊन मोबाईलवर शोधायला बसले.

तिथे तर सगळा गोंधळच. एकाने लिहिलेलं असायचं, अप्रतिम. त्याच्याखाली दुसऱ्याने, पहिल्याच दिवशी जळाला. मी वॅट बघून एक चार्जर घेतला. खोक्यावर वॅटचा आकडा असा ठळक, की लांबूनही वाचावा. आतल्या कागदावर मुंगीच्या अक्षरांत खुलासा होता की एवढी ताकद वेगळा पॉवर सप्लाय जोडला तरच. घरातल्या प्लगवर त्याच्या चौथाईसुद्धा नाही. परत पाठवला. दुसरा आला, त्याची पिन ट्रकच्या बॅटरीत जाईना. तोही परत. मधल्या काळात बॅटरीबद्दल इतकं वाचलं की झोपेतही करंट दिसायला लागला. फार जोरात भरली तर बॅटरी फुगते, पेटूही शकते. म्हणजे तिला झेपेल तेवढंच द्यायचं. मग एवढे मोठे आकडे छापता कशाला, मेल्यांनो?

तिसरा चार्जर बसला. त्याच्या कागदावर सूचना होती, वापरलेली बॅटरी गार झाल्यावरच चार्ज करा. मे महिन्यात नागपुरात काय गार होतं? शेवटी बॅटरीला कूलरसमोर खुर्ची मिळाली आणि मी पदराने घाम पुसत बाजूला बसले. बाबा म्हणाले, "तू काहून एवढी तडफडून राह्यली वं? सरक, हवा येऊ दे तिले."

पण बॅटरी तासाच्या आत भरली. अख्ख्या दुपारच्या जागी एक तास! मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. महिनाभराची वणवण फळाला आली, बाबांची स्कूटर सुटली, असं मी धरूनच चालले.

त्या रविवारी ट्रक चालून थांबला, बॅटरी गार झाली, भरली, मी ती बसवली आणि बाबांना हाक मारली. ते घरात नव्हते, गच्चीवर नव्हते. ट्रक काखेत मारून मी जिने उतरले.

ते खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसले होते. स्कूटर स्टँडवरच होती, बंद होती. दोन्ही हात हँडलवर, नजर समोरच्या भिंतीवर. मी बाजूने आलेली त्यांना दिसलेच नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते दचकले.

"बाबा, ट्रक फुल झाला," मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता माझा. "आता तर लवकर भरतो ना? आता काहून आले इथं?"

बाबांनी माझ्या काखेतल्या ट्रककडे पाहिलं. "चांगला हाये चार्जर," ते म्हणाले. "पण त्या ट्रकात मी बसू कुठं वं, बाई?"

मला संताप आला. त्यांचा नाही, माझाच. महिनाभर मी वॅट मोजत बसले होते. मी किल्लीसाठी हात पुढे केला. वाटलं होतं, हुज्जत घालतील. त्यांनी किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, इतक्या मुकाट्याने, की ती परत त्यांनाच द्यावीशी वाटली.