आवाजाचा डबा

एकवारू माणूस वाईट नव्हता हो, पण हातातली किल्ली दुसऱ्याला द्यायची म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. आमच्या तेसो मुलखात टेकडीवर जे रेडिओ स्टेशन आहे, तिथली यंत्रं तो सांभाळायचा. स्टेशनचा कॉम्प्युटर व्हायरसनं खाल्ला तेव्हा त्यानंच त्यावर लिनक्स चढवलं आणि मिशनवाल्यांनी पाठवलेला आवाजाचा डबा त्याला जोडला. माइक डब्यात, डबा कॉम्प्युटरला, आणि डब्यातून वायर मनोऱ्याकडे. सांगायला सोपं! त्या डब्यानं त्याला रडवलं. कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना. ओळख दिली तर आवाज खरखरे, नाहीतर दोन शब्दांमागे एक गिळे. बायकोनं रांधलेलं नाचणीचं अताप घरी दगड होऊन पडायचं आणि हा इथं स्क्रीनपुढे डोळे फोडत बसायचा. शेवटी डबा नीट बोलला, तेव्हा गडी खोलीत एकटाच नाचला.

एक खोड तेवढी राहिली. वीज जाऊन आली की कॉम्प्युटर डब्याला विसरायचा आणि स्वतःच्याच चिमुकल्या स्पीकरमधून आवाज काढायचा. सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा डबा निवडला की झालं. हे कायमचंही करून टाकता आलं असतं. एकवारूनं ते केलं नाही, आणि कुणाला शिकवलंही नाही. निवेदिका असेकेन्ये कितीदा मागे लागली.

"अहो, मला एकदा दाखवून ठेवा ना. तुम्ही नसलात तर?"

"मी कुठं जातोय? तू आपलं बोलायचं बघ, बाई. डब्याला हात लावू नकोस."

वीज गेली की सगळ्या स्टेशनात एकच हाक उठायची, एकवारूला बोलवा! ती हाक त्याला फार गोड लागायची.

आमच्याकडे मरण फोनवर सांगत नाहीत. ते चोरून सांगितल्यासारखं होतं. दुपारी गाणी थांबतात, रेडिओवर निधनवार्ता लागतात, आणि ज्यानं ऐकलं तो न ऐकलेल्याला सांगत सुटतो. वार्ता सकाळीच रेकॉर्ड करून ठेवतात. मयताच्या घरचं कुणीतरी बसून ती ऐकतं, कारण एका जावयाचं नाव राहिलं तरी पिढ्यान् पिढ्यांचं वैर. गाणी जुन्या सीडी मशीनवरून परस्पर मनोऱ्याकडे जातात, वार्ता मात्र कॉम्प्युटरमधून, डब्यातून.

एकवारूची आई गेली ती पहाटे. आईला तो तोतो म्हणायचा, आम्ही सगळेच म्हणतो. सकाळी तो स्टेशनात आला, असेकेन्येच्या आवाजात वार्ता रेकॉर्ड करून घेतली. पहिलं नाव अपोलोतचं, थोरल्या बहिणीचं. ती तळ्यापलीकडे दिलेली. दुपारी ऐकलं तर बाजाराच्या होडीनं निघेल आणि उद्या माती द्यायच्या आत आईचं तोंड बघेल, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात होता. एकेक नाव त्यानं ऐकलं, रडला, डबा निवडलेला आहे ना तेही पाहिलं, आणि घरी गेला.

दुपारी अंगणात मयताला जमलेली माणसं रेडिओभोवती बसली. गाणं संपलं. पुढे काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

"बॅटरी गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

एकवारूनं लगेच ताडलं. बॅटरी गेली नव्हती. मध्ये वीज जाऊन आली होती. वार्ता त्या खोलीतल्या खोलीत वाजत होती आणि असेकेन्ये ती समाधानानं ऐकत बसली असणार. त्यानं फोन लावला. बंद. स्टुडिओत फोन बंद ठेवायचे आणि रेडिओही लावायचा नाही, माइकमध्ये घोंगावतं, हा नियम त्याचाच. एकाची मोटारसायकल हिसकावून तो निघाला. अर्ध्या वाटेवर एका टपरीतल्या रेडिओवर गाणं सुरू झालेलं त्यानं ऐकलं.

"छान झाली हो वार्ता," असेकेन्ये म्हणाली. "मध्ये वीज गेली होती, पण मयतातून तुम्हाला कसं बोलवू? आवाज येत होता, मी स्वतः ऐकली."

त्यानं नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं, डब्याच्या जागी स्पीकर निवडलेला. तिनं तोंडावर हात ठेवला. मग तीही चिडली. "किती वेळा म्हटलं होतं, दाखवा म्हणून!"

त्यानं डबा निवडला, वार्ता पुन्हा लावणार तोच वीज परत गेली. जनरेटरमध्ये डिझेलचा टिपूस नव्हता. वीज आली ती दिवस मावळल्यावर. वार्ता गेली, अगदी स्वच्छ गेली. पण अंधारात तळ्यावर होडी कोण घालतो?

दुसऱ्या दिवशी तो एमुरॉनकाकांच्या पाया पडला. "काका, संध्याकाळपर्यंत थांबा. तिला एकदा तोंड बघू द्या."

"ऊन बघ, पोरा. माझ्या भावजयीची विटंबना करू नकोस." म्हाताऱ्याचेही डोळे भरले होते. "ऐकली असती तर एव्हाना आली नसती का ती?"

अपोलोत आली तेव्हा बायका मातीचा ढीग हातानं थापून सारखा करत होत्या. लुगड्याचा काठ तळ्याच्या पाण्यानं भिजलेला. तिनं हंबरडा फोडला नाही. ढिगाऱ्यापाशी बसली आणि मातीवर हात ठेवला. एकवारू तिच्या शेजारी टेकला. कालचं सगळं सांगून टाकायचं त्यानं ठरवलं होतं.

"अपोलोत, काल दुपारी..."

"काल दुपारी मी रेडिओपाशीच होते रे," ती म्हणाली. "तोतोचा खोकला वाढलाय असं ऐकल्यापासून रोज बसते, जीव मुठीत धरून. काल गाणं थांबलं. कुणाचंच नाव आलं नाही, आणि परत गाणं लागलं. मी सासूबाईंना म्हटलं, आज कुणीच गेलं नाही. गुडघे टेकून देवाचे आभार मानले. आणि जेवले रे, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले."