नारळ, पेढे आणि निरगुडीचा फोक

आमच्या वाडीत मूल पहिलीत घालायचं म्हणजे बापानं तीन वस्तू घेऊन शाळेत जायचं. नारळ, पावशेर पेढे आणि ओढ्याकाठच्या निरगुडीचा ताजा फोक. नारळ शाळेच्या दाराशी फोडायचा, पेढे वाटायचे आणि फोक पोरादेखत गुरुजींच्या हातात द्यायचा. "पोरगं तुमच्या हवाली. लागंल तेवढं बडवा, पर शिकवा," एवढंच बोलायचं. याला आमच्याकडे गुरुजींचा मान म्हणत. ज्याचा बाप फोक आणत नसे त्याला पोराची फिकीर नाही, असं सगळी वाडी धरून चाले.

माझ्या वडिलांनी नेलेला फोक तिसरीत माझ्याच हातावर मोडला. सातचा पाढा अडला होता. गुरुजी म्हणाले, "हात पुढं कर." मी केला आणि ते मारत सुटले. उजव्या हाताची करंगळी बाजूला राहिली होती, तिच्यावर नेमके दोन फटके बसले. ती आजही नीट वळत नाही. मी बोंबलत घरी गेलो. वडिलांनी हळद गरम करून बोटावर बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा फोक तोडून स्वतः शाळेत नेऊन दिला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट आपला बाप शेतातलं काम टाकून आपल्यासाठी शाळेत आला, याचंच मला कौतुक वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते असंच.

माझी मुलगी त्याच शाळेत जायला लागली तेव्हा मी नारळ आणि पेढे नेले, फोक नेला नाही. घोडेगावात कॉलेज केलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस मी. मुलीवर हात उगारायचा नाही हे ती जन्मली त्या दिवशी ठरवलं होतं आणि सहा वर्षं पाळलं होतं. माझं मागणं एकच होतं, आम्ही शिकलो तसं तिनं भीत भीत शिकू नये. माझ्या करंगळीची गोष्ट तिला तोंडपाठ होती.

ती तिसरीत गेली त्या वर्षी पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं, आणि त्याच वर्षी नव्या बाई आल्या. लांबून, मराठवाड्यातून बदलून आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यातले सगळे फोक उचलले आणि खिचडीच्या चुलीत घातले. मुलगी घरी येऊन अंगणात चिंचोके मांडायची आणि स्वतःच बाई व्हायची. समोर दोन शेळ्या आणि एक करडू, हा तिचा वर्ग. करडाला बेरीज चुकल्याबद्दल ती कधी रागावलेली मी पाहिली नाही.

वाडीला मात्र हे पटेना. शेवटी दिवाळीनंतर पालकसभा बोलवावी लागली. सभा शाळा सुटायच्या वेळेलाच, व्हरांड्यात ठेवतात, कारण आमच्याकडे उसात बिबट्या आहे. पोरांना आणायला मोठी माणसं येतात आणि रिकाम्या हातानं कोणी येत नाही. त्यामुळे पालकांची हजेरी मोजायची तर व्हरांड्याच्या भिंतीला टेकवलेल्या काठ्या मोजाव्यात. त्या दिवशी भिंत दिसत नव्हती.

माझा चुलतभाऊ उठला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात, एकाच बस्करावर बसणारी.

"आमी फोक दिला त्यो मानाचा व्हता," तो बाईंना म्हणाला. "तुमी त्यो चुलीत घातला. मारल्याबिगर कुनाचं पोरगं शिकलंय, सांगा की."

"तुमचा मान मी ठेवीन," बाई म्हणाल्या. "फोक ठेवणार नाही."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं आपल्या मुलीला हाक मारली. "ये इकडं. सातचा पाढा म्हण."

पोरगी सगळ्यांसमोर उभी राहिली. सात सक बेचाळीसपर्यंत आली आणि थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"हात पुढं कर."

तिनं लगेच केला. त्याच्या खिशात दुमडलेला ओला फोक होता, घरूनच तोडून आणलेला. पहिला फटका तळव्यावर बसला तसा पोरीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. दुसऱ्याच्या आड बाई आल्या. तो त्यांच्या मनगटावर बसला, काचेच्या बांगड्या फुटल्या आणि काच हातात शिरली. रक्त फरशीवर ठिबकायला लागलं.

मी अध्यक्ष होतो. त्याचा हात धरायचा, फोक काढून घ्यायचा, एवढंच माझं काम. मी भिंतीची काठी उचलली. पहिला तडाखा घातला तो बाईंसाठी होता. दुसरा त्याच्या पोरीसाठी होता. नंतरचे कुणासाठी ते मला धड सांगता येत नाही, बहुतेक माझ्या करंगळीसाठी असावेत. तो खाली पडला तरी मी मारत होतो. त्याचा कान फाटला. डोकं वाचवायला वर धरलेल्या हाताचं हाड मोडलं, त्याचा आवाज मी ऐकला आणि तरी आणखी एक घातला. चौघांनी मला मागं ओढलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. वर्गाच्या खिडकीत सगळी पोरं उभी होती, माझी मुलगीही, हे मला मागाहून कळलं.

पोलिसात कोणी गेलं नाही. भावकीनं आपसात मिटवलं. पुढच्या सभेत मी अध्यक्षपद सोडतो म्हणालो तर सगळे हसले. "आध्यक्ष असाच पायजे राव," एक म्हातारबुवा म्हणाले, "पोरांच्या शिक्षनासाठी सख्ख्या भावकीला सोडलं न्हाई." हात वर करून मतदान झालं. चुलतभावानंही माझ्यासाठी डावा हात वर केला, उजवा प्लास्टरमध्ये होता. त्याला खरंच राग नव्हता. इतकी वर्षं एकाच शाळेत मार खाल्लेली माणसं आम्ही.

सभा उठल्यावर बाई सही घ्यायला आल्या. मनगटावर टाके होते.

"मी तुमचे आभार मानावेत असं सगळे म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी मानणार नाही. त्या दिवसापासून वर्गात कुणी बोट वर करत नाही. तुमची मुलगीसुद्धा. मी बदलीचा अर्ज दिलाय."

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यासाठी मी घरच्या माणसाचा हात मोडला, त्यांनी हे बोलावं? तसाच तणतणत घरी आलो. मुलगी ओट्यावर दप्तर उघडून बसली होती. अंगणात चिंचोके नव्हते, शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या. बोट वर करत नाही म्हणजे काय, ते मला बघायचंच होतं.

"सातचा पाढा म्हण," मी म्हणालो. आवाज चढलेला असणार.

ती सात सक बेचाळीसपर्यंत आली आणि थांबली. मला पुढचं सांगायचं होतं. पण घसा कोरडा पडला होता, म्हणून आधी फळीवरचा तांब्या घ्यायला मी हात वर नेला.

तिनं पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले आणि उजवा हात पुढं केला. तळवा वर आणि पाची बोटं एकमेकांना घट्ट चिकटवलेली, करंगळी बाजूला राहू नये अशी.