खरा पेशंट

लॉकडाउनमध्ये नांदुऱ्याला आमच्या शेजारची मुलगी त्यांच्या गच्चीवर मोबाइलवर नर्सिंगचे वर्ग करायची. बोलता बोलता समोरच्याची नाडी धरायची तिला सवयच लागली होती. पण सरावासाठी उशीला पट्ट्या बांधून कंटाळली की रडवेली व्हायची. "काकू, मोबाइलवर पाहून कोनी नर्स होते का? मले नाही जमत हे."

एकदा आमच्या गच्चीवर पापड वाळत घालताना माझा पाय मुरगळला. वर्ग अर्धवट टाकून ती मधला कठडा ओलांडून आली. चालू फोन तिनं कठड्यावर टेकवला. "हालू नका, काकू," म्हणत पट्टी बांधू लागली. आधी पट्टी दोनदा सुटली, मग बोटं सरसर चालली. पट्टीचं टोक खोचून ती फोनकडे वळली आणि आनंदानं ओरडली, "मॅडम, पहा, मले खरा पेशंट भेटला!"

कण्हता कण्हता मलाही हसू फुटलं.