आईचा पायगुण आणि आमची हरणारी टीम

नागपूरच्या विमानतळावर आई रडली नाही. "तिथल्या माणसांत मिसळून राहा, आपलंच धरून बसू नको," एवढंच म्हणाली आणि बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी तिचं ऐकलं. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये घर घेतलं, बर्फात ड्राइव्ह करायला शिकले आणि ऑफिसातल्या लोकांशी बोलायला काहीतरी हवं म्हणून शिकागोची फुटबॉल टीम आपली मानली. इथे राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. ही टीम हरते. नागपूरकरांसाठी सांगते, हा फुटबॉल हाताने खेळतात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक जण बॉल कुणाकडे फेकायचा ते ठरवतो, आणि हरलं की शिव्याही तोच खातो. आमचा तर हमखास समोरच्या टीमच्या हातात बॉल देतो. तरी दर रविवारी चार मराठी घरं आमच्याकडे चिवडा आणि चिप्स घेऊन टीव्हीपुढे बसतात. क्रिकेटची खोड मात्र कुणाची सुटलेली नाही. चांगलं चाललं असेल तर जागेवरून हलायचं नाही.

बाबा गेले आणि गेल्या उन्हाळ्यात मी आईला इकडे आणलं. आता परत पाठवायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तीही आमच्यात बसायला लागली. एकदा स्टेडियममधले लोक त्या क्वार्टरबॅकची हुर्यो करत होते, तर म्हणाली, "काहून ओरडतात त्याच्यावर? त्याची आई बघत असेल ना." तेव्हापासून देवापुढे त्याच्याही नावाने हात जोडायची.

नोव्हेंबरात एका रविवारी आम्ही चक्क जिंकत होतो. आई पाणी प्यायला उठली, आणि नेमका तेव्हाच क्वार्टरबॅकने बॉल घालवला. मॅच गेली. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "काकू, तुम्ही उठलात आणि घात झाला." सगळे हसले, मीही हसले. पुढच्या रविवारी गुडघ्यांचं कारण सांगून आई खोलीतच बसली. टीम तरीही हरली.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "मी आल्यापासून एकदाही जिंकले नाहीत गं. मी गेले की जिंकतील बघ. तुझ्या घरात माझा पायगुण नको."

बाबा गेल्यापासून ती लग्नकार्यात मागे मागे राहते, हे मला ठाऊक होतं. पण ते सगळं ती इतक्या लांब बरोबर घेऊन येईल, असं वाटलं नव्हतं. मी चिडलेच. "आई, त्याला धड बॉल फेकता येत नाही, त्यात तुझा काय संबंध?" तिचं रिटर्न तिकीट मी कॅन्सल करणार होते, तिने करू दिलं नाही. डिसेंबरात ती नागपूरला परतली.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी टीम जिंकली. माझी मुलगी "मॉम, वी वन" म्हणत नाचत होती, मला मात्र त्या क्वार्टरबॅकचा असा संताप आला की काय सांगू. आताच जिंकायचं सुचलं मेल्याला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मॅचचं काय झालं गं?"

"हरलो. वाईट हरलो."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नव्हतं."

"नव्हतंच, आई."

"मग थंडी ओसरली की येऊ का?"

मला रडू आवरेना. मुलीला बजावून ठेवलंय, आजीला खरं सांगायचं नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी घर नागपूरला आहे म्हणायचे. तिथे आता आई एकटी आहे, आणि इथे तिच्याशिवाय मी. ती येऊन स्वतःला बोल न लावता आमच्यात बसेल, त्या दिवशी मी या घराला घर म्हणेन.