गुरुवार, साडेचार ते पाच

इझाबेल तुस्कानोने बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवलं. जून लागायच्या आधी ती जेवणाच्या टेबलावर चार्टपेपर पसरायची आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसायची. एकोणतीस शिक्षक, अठरा वर्ग. एकाचा तास दुसऱ्यावर आदळला असं एकदाही झालं नाही. हेडमास्तर म्हणायचे, "टीचर, तुम्ही नसता तर आपली शाळा पहिल्याच दिवशी कोलमडली असती."

आगाशीच्या बाजूला, केळीच्या बागेतल्या तिच्या घरात मात्र वेळ तिचा कधीच नव्हता. तिने लग्न केलं नाही. भाऊ कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला. आई शेवटची नऊ वर्षं अंथरुणावर होती. पहाटे पाचला आईचं अंग पुसायचं, तिला पेज भरवायची, शेजारीण येऊन बसली की शाळा गाठायची आणि शेवटची घंटा झाली की धावत घरी. कुणी बोलावलं तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "वेळ नाही गं."

मे महिन्यात ती निवृत्त झाली आणि सप्टेंबरात आई गेली.

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून ती घरी आली. दाराशी चपला काढल्या आणि आता काय करायचं हे तिला कळेना. माजघरात आईची खाट अजून तशीच होती. बराच वेळ ती खाटेच्या काठावर बसून राहिली. मग उठून तिने चार्टपेपर काढला आणि स्वतःचं वेळापत्रक आखायला घेतलं. सकाळी प्रार्थना, मग झाडलोट, स्वयंपाक, बाग, वाचन. बारापर्यंतचे रकाने भरले आणि पेन्सिल थांबली. दुपारी 'विश्रांती' लिहिलं. चार ते पाचच्या रकान्यात काय लिहावं हे पुष्कळ विचार करूनही सुचेना, तेव्हा तिने 'क्लारा' असं लिहिलं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की एका माणसाची कामं साडेनऊलाच संपतात. ती कामं लांबवू लागली. भाजी निवडायला अर्धा तास, एक ताट घासायला दहा मिनिटं. तरी दुपार संपता संपेना.

क्लारा डिमेलो शाळेत गणित शिकवायची. दोघी वीस वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वी क्लारा निवृत्त होऊन विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात मुलाकडे राहायला गेली. "रविवारी ये," असं तिने किती वेळा म्हटलं होतं. मंगळवारी इझाबेल बसने विरार स्टेशनला गेली, पूल ओलांडून रिक्षात बसली आणि चारला पाच कमी असताना क्लाराच्या दारात उभी राहिली.

"अगं, तू!" क्लारा दार धरून बघतच राहिली. "फोन तरी करायचास!"

आत नातीच्या वह्या पसरल्या होत्या, नात खाली खेळायला गेली होती, कुकर लागला होता. पाच वाजता नातीला क्लासला सोडायचं होतं. क्लाराने घाईघाईने चहा टाकला. कपाकडे हात नेताना तिचा उजवा हात नीट वर जात नाही हे इझाबेलला दिसलं.

"हात दुखतो का?"

"ऑपरेशननंतर असाच आहे. कॅन्सरचं झालं ना दोन वर्षांपूर्वी. तुला कळवलं होतं."

इझाबेलला आठवलं. तिने फोनवर 'देवाच्या कृपेने लवकर बरी हो' असा मेसेज पाठवला होता आणि त्यापुढे हात जोडल्याचं चित्र.

"तेव्हा मी तुझी वाट बघत होते," क्लारा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "रोज दुपारी वाटायचं, आज येईल."

"आईला सोडून निघता येत नव्हतं गं."

"माहीत आहे मला. म्हणून तर कधी बोलले नाही."

इझाबेलने कप खाली ठेवला. एक दुपार निघाली असती. शेजारणीला सांगितलं असतं तर ती तासभर जास्त बसली असती. एवढं साधं तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

"मी आता रोज येऊ शकते," ती म्हणाली.

क्लारा ओशाळली. "रोज नको गं. मला उसंत नसते. गुरुवारी नात चित्रकलेला जाते. साडेचार ते पाच... चालेल?"

इझाबेलने मान हलवली.

अर्ध्या तासासाठी जाऊन-येऊन अडीच तास लागायचे. ती दर गुरुवारी जायची. बाकीचे सहा दिवस तसेच लांबलचक राहिले. फेब्रुवारीत दोनदा क्लाराचा फोन आला, "आज नको." दोन्ही वेळा इझाबेल साडी नेसून तयार होती. तिने साडी बदलली नाही, तशीच ओट्यावर बसून केळीकडे बघत राहिली.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी क्लारा बोलता बोलता सोफ्यावर झोपी गेली. तोंड किंचित उघडं, दुखरा हात उशीवर. पाच वाजून गेले. इझाबेलने पंखा कमी केला, वाळलेले कपडे गॅलरीतून आत आणले आणि ती घड्या घालत बसली. नात परत आली आणि अनोळखी बाई बघून दारातच थबकली.

"तुम्ही कोण?"

"मी इझाबेल. हळू बोल, आजी झोपलीय."

मुलगी चवड्यांवर आत आली आणि शेजारी बसून घड्या घालू लागली.