कोवळे ऊन वर्ज्य

मुलीच्या जन्मानंतर मी सर्वांत अधिक थकले ती समजावून सांगण्याने. ल्युपस या आजाराचे निदान माझ्या लग्नाआधीच झाले होते. माझ्या रक्तातील काही प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे डॉक्टरांनी गरोदरपणी सांगितले होते. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत मी दर खेपेस श्वास रोखून पडून राहत असे. ठोके शेवटपर्यंत ठीक राहिले. मात्र जन्मानंतर काही आठवड्यांनी तिच्या डोळ्यांभोवती तांबूस कडी उमटली.

"हेही त्या प्रतिपिंडांमुळेच. काही महिन्यांत आपोआप जाईल. फक्त उन्हात नेऊ नका," डॉक्टर म्हणाले.

घरी मी हे सासूबाईंना सांगितले. त्या सोलापूरजवळच्या वळसंग गावच्या. तेल लावून न्हाऊ घातलेले लेकरू कोवळ्या उन्हात निजवणे त्यांच्या लेखी दूध पाजण्याइतकेच अटळ.

"ऊन न्हाय म्हंजी? हाडं कशी घट व्हायची?"

"आई, सूर्यप्रकाशाने पुरळ बळावण्याचा संभव आहे." माझे नेहमी असेच होते, धीर एकवटून बोलू लागले की तोंडून पाठ्यपुस्तक बाहेर पडते.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी खुदकन हसल्या. "सोलापुरात ऊन तेवढं फुकट मिळतंय की, आन् तेबी ह्या पोरीला नको!" सासूबाईही हसल्या. मला वाटले, पटले.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आले, तर पाळणा रिकामा. मुलगी गच्चीवर, चादरीवर, उघडीबोडकी. संध्याकाळपर्यंत कडी लालभडक झाली, कपाळावरही पसरली.

"आईचंच आलंय अंगावर. त्याला ऊन काय करंल?" सासूबाई म्हणाल्या. अर्धे खरे असलेल्या वाक्याला उत्तर कसे द्यावे, मला कधीच कळलेले नाही.

"ती गच्चीवर जाणार नाही," एवढेच मी म्हणाले.

"बरं बाई, तुझी पोर."

त्या स्वरावर माझा विश्वास बसेना. तेव्हापासून नवरा कामावरून आल्याखेरीज मी अंघोळीला गेले नाही. पारोशी म्हणून दिवसभर देवघराबाहेर राहिले, टोमणे ऐकले.

काही महिन्यांनी कडी फिकी होत पुसली गेली. मुलीचा चेहरा उजेडाकडे वळवून सासूबाई मावशींना म्हणाल्या, "बगा की, तेलानं गेलं."

मी टॉवेल उचलला आणि भर सकाळी न्हाणीघरात जाऊन कडी लावली.