कुसुमच्या लवंगा

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिच्यासमोर तर मी इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. गंमत बघा — माझा गुन्हा हसण्याचा नाहीच. न हसण्याचा आहे.

तुम्ही म्हणाल, न हसण्यात कसला आलाय गुन्हा? थांबा जरा. मला थोडं मागून यावं लागेल. सरळ मुद्द्यावर येण्याची हिंमत असती तर एवढी वर्षं गप्प का बसले असते?

मला लहानपणापासून खेळ बनवायचं वेड. खेळायचं नव्हे — बनवायचं. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन. इंजिनातून पडलेले कोळशाचे खडे मी वेचून आणायची आणि क्वार्टरच्या अंगणात फरशीभर पट आखायची. घरं पाडायची, नियम ठरवायचे, मग शेजारपाजारची पोरं गोळा करायची. फरशी पुसता पुसता आई माझा उद्धार करायची. आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. पोरीनं शिकावं, चार पैसे मिळवावेत, याबद्दल बाबांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती खेळांबद्दल. "खेळून कोणाचं पोट भरते वं?" ते विचारायचे.

उत्तर मिळालं ते अमरावतीच्या आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांकडून. अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडून गेलं की एका बोळात दत्तूभाऊ म्हणून गृहस्थ आहेत. त्यांचा खेळांचा कारखाना आहे. सापशिडी, लुडो, आणि स्वतःच्या डोक्यातून काढलेले आणखी काही पट. जत्रांमधून ते खपतात. त्यांना नवे खेळ सुचवणारं आणि पट काढणारं कुणीतरी हवंय. स्वतःचा एक खेळ घेऊन या, म्हणाले.

मास्तरांनी हे वर्गात दोघींना सांगितलं. मला आणि कुसुमला.

कुसुम शेंदूरजनाघाटची. घरची संत्र्याची बाग. शिकायला अमरावतीत मामाकडे राहायची. तिचं हसणं आधी ऐकू यायचं, मग ती दिसायची. चित्रकलेत मात्र तिचा हात असा की सरळ रेघ काढायला सांगावी तर ती वर्ध्याला जाऊन परत यावी. माझा हात साफ. पण डोकं तिचं — खरं सांगते, खेळाचं डोकं तिचंच. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. हेच तर कबूल करायचं आहे. मला ठाऊक होतं.

माझ्या खेळाचं नाव 'गाडी आली'. भुसावळपासून बडनेऱ्यापर्यंत स्टेशनं, सिग्नल, मालगाडीला वाट द्यायची, असं सगळं. नीटनेटका. रेल्वेच्या पोरीला शोभेलसा. कुसुमच्या खेळाचं नाव 'वानर आलं'. पट संत्र्याच्या बागेचा. प्रत्येकाकडे पाच चिंचोके, ती त्याची संत्री. फासा टाकून पुढं जायचं, आणि ज्याची सोंगटी वानराच्या घरात पडली तो वानर. बाकीचे राखणदार. राखणदारांनी त्याला घेरायचं, काहीही विचारायचं, तोंडं वेडीवाकडी करायची, आणि वानरानं तीनदा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "मी नाही खाल्लं." हसला की एक संत्रं गेलं.

बस. एवढाच खेळ. पण काय सांगू तुम्हाला! मामांच्या ओसरीवर आम्ही तो कितीदा खेळलो असू, आणि प्रत्येक वेळी सगळ्यात आधी भिकेला लागायची ती मी. दुसऱ्या "मी नाही खा —" वरच माझा बांध फुटायचा. पोट धरून लोळायची. मामी आतून ओरडायच्या, अगं, घशात जीव अडकेल कुणाचा तरी. पाचही चिंचोके गेले तरी माझं हसू थांबायचं नाही. कुसुमच्या त्या खेळाचा पटसुद्धा मीच काढून दिला होता, कारण तिची संत्री वांग्यांसारखी दिसायची. सुंदर काढला होता. त्यात मी काहीही कसर ठेवली नव्हती, एवढं तरी माझ्या पदरात घाला. — नाही, नका घालू. पुढं ऐका.

सकाळच्या पॅसेंजरनं दोघी अकोल्याला गेलो. डब्यात भाकरी-ठेचा, मांडीवर गुंडाळलेले पट. मोर्णेच्या पुलावर तर आम्ही जवळजवळ पळतच होतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं, रंगीत सोंगट्यांच्या टोपल्या — त्या खळीच्या वासानंच माझं चित्त हरपलं. इथंच, मी मनात म्हटलं, इथंच मला राहायचंय. दुसऱ्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल आणि खुर्ची. आधीचा पट काढणारा नागपूरला निघून गेला होता, त्याची. खुर्ची एकच होती.

दत्तूभाऊंची नवा खेळ तपासायची रीत साऱ्या जुन्या शहराला माहीत होती. ते पट बघायचेच नाहीत. बाहेर ओट्यावर खेळ मांडायचा, गल्लीतली माणसं खेळायला बसवायची, आणि हे रस्त्याकडे तोंड करून, खेळाकडे पाठ फिरवून, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचे. फक्त ऐकायचे.

"पोरींनो, खेळ डोयानं नाई पाहत. कानानं पाहत असते," ते म्हणाले.

आवाज रंगला की त्यांचा अडकित्ता थांबायचा. अडकित्ता थांबला तो खेळ छापायचा. दुसरा नियम असा की ज्याचा खेळ, त्यानं खेळायचं नाही. ओट्याखाली उभं राहायचं.

आधी माझा खेळ. खेळायला समोरचे शिंपीकाम करणारे चाचा, बांगड्या भरणारी कासारीण मावशी, दत्तूभाऊंची बायको सरूवहिनी — आणि चौथी कुसुम. मी खाली उभी. सुरुवातीला सगळे शिस्तीत. एक स्टेशन, दोन स्टेशनं. अडकित्ता आपला कट, कट. आणि मग कुसुमनं सुरुवात केली. सिग्नल पडला की ओरडायची. मालगाडी आली की कासारीण मावशीच्या खांद्याला धक्का देऊन "बाजू व्हा, बाजू व्हा" म्हणायची. चाचांना मूर्तिजापूरला अडकवलं तर त्यांच्याशी असं भांडली की ते सुई कानावर खोचून उठून उभे राहिले. माझ्या त्या शहाण्या, सुतासारख्या सरळ खेळात तिनं जीव ओतला. सगळा ओटा "गाडी आली, गाडी आली" करत डुलत होता.

अडकित्ता थांबला.

आता तिचा खेळ. आता मी ओट्यावर, आणि ती खाली, माझ्याकडे बघून आधीच हसत. तिला काय काळजी? तिला माहीत होतं ना, मी बसले की काय होतं ते.

पहिल्याच फेऱ्यात माझी सोंगटी वानराच्या घरात पडली. कासारीण मावशी पुढं सरकली, कमरेवर हात घेऊन म्हणाली, "काहून वं, माह्या बागेतलं संत्रं कोणं खाल्लं?" चाचांनी गाल फुगवून डोळे तिरळे केले, त्यांच्या मिशा थेट नाकात शिरल्या. पोटातून हसू उसळलं, घशाशी आलं —

आणि मला ती खुर्ची दिसली. दारातून, खिडकीपाशी.

मी हसले नाही.

कसं जमलं? आजही मला कळत नाही. गाल आतून दाढेखाली धरला. शाळेत वर्ग तपासायला साहेब आल्यावर बसावं तशी बसले. तीनदा स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी नाही खाल्लं." तुम्ही म्हणाल, बरं मग, नियमानं जिंकलीसच की. हो, जिंकले. नियमाला धरून जिंकले. तोंडावर साधी रेघही उमटू दिली नाही, आणि दुसऱ्यांची पाळी आली तेव्हा तोंडही वेडंवाकडं केलं नाही. कोर्टात विचारावं तसं विचारलं, संत्रं खाल्लं का. आणि मग काय झालं असेल, सांगा? परगावची, शिकलेली, कडक इस्त्रीच्या पातळातली मुलगी अशी ठोकळ्यासारखी बसलेली. तिच्यापुढं आपण काय माकडचेष्टा कराव्या, असं वाटून ती भली माणसं ओशाळली. चाचांनी मिशा सारख्या केल्या. मावशीनं पदर नीट घेतला. सरूवहिनी म्हणाल्या, खेळ छान आहे हो. अगदी हळू आवाजात.

कट, कट, कट. अडकित्ता चालूच राहिला.

"खेळ हुशार हाये," दत्तूभाऊ शेवटी वळून म्हणाले, "पण मुका हाये."

खुर्ची मला मिळाली.

परत जाताना मोर्णेच्या पुलावर कुसुम गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाली, "आज तू हासली नाईस वं, इंदे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. पण त्याआधी तीच थांबली, माझ्या गालाकडे निरखून बघितलं. मी गाल आतून चावून धरला होता ना, तो थोडा सुजल्यासारखा दिसत असेल.

"दाढ दुखून राह्यली का?"

"हो," मी म्हणाले.

तिनं कपाळावर हात मारला. आधी सांगायचं ना, म्हणाली. स्टेशनच्या वाटेवरच्या किराणा दुकानातून पुडीभर लवंगा घेतल्या, एक स्वतःच्या हातानं माझ्या दाढेत ठेवली. माझ्या धडधाकट दाढेत. बडनेऱ्यापर्यंत मी लवंगा चघळत बसले. तोंड बधिर झालं. ती मात्र खिडकीतून बाहेर बघत 'गाडी आली' छापून आला की पहिला पट आपल्याला हवा म्हणून हट्ट करत होती.

पुढची वर्षं — लपवत नाही — आनंदात गेली. फार आनंदात. खळीच्या त्या वासात मी खेळामागून खेळ काढले. रविवारी दत्तूभाऊ पाठ फिरवून बसायचे, अडकित्ता थांबायचा, सरूवहिनी चहा टाकायच्या. जत्रेत आपला पट अंथरून कुठलीशी म्हातारी आणि तिचा नातू हमरीतुमरीवर आलेले बघणं, याच्यासारखं सुख नाही. बाबाही एकदा येऊन गेले. 'गाडी आली'चे तीन डाव खेळले, तिन्ही हरले, आणि सिग्नल चुकीच्या बाजूला काढलाय म्हणून माझ्यावरच चिडले.

कुसुम गावी शाळेत शिक्षिका झाली. दर थंडीत भेटायला यायची. हातात संत्र्यांची करंडी, आणि वर कागदाच्या पुडीत लवंगा. "दाढ कशी हाये?" हा पहिला प्रश्न. मी म्हणायची, बरी आहे. दर वर्षी. एकदा दत्तूभाऊंनीच विचारलं, तुझी ती वानरवाली मैत्रीण, तिचा खेळ परत एकदा ओट्यावर मांडून बघू का? त्या दिवशी कान माझेच खराब असतील, म्हणाले. मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, तिला शाळेतून वेळ कुठला. पटाकडं बघत म्हटलं. हातातली रेघ जराही हलली नाही.

एकदा म्हणजे घाई, भीती. दुसऱ्यांदा म्हणजे काय?

मग एका हिवाळ्यात मीच शेंदूरजनाघाटला गेले. शाळा बागांच्या मधे. फाटकाशी पोचण्याआधीच तो आवाज कानावर आला. पोरांचा कल्ला, किंकाळ्या, आणि सगळ्यांवर तिचं हसणं. अंगणात चुन्यानं आखलेला भला मोठा पट. संत्री वांग्यांसारखी. सोंगट्यांच्या जागी पोरंच उभी. मला पाहताच त्यांनी ओढून आत घेतलं. फासा पडला, आणि मी वानराच्या घरात. तीसभर पोरं भोवती गोळा होऊन गाल फुगवू लागली. समोर कुसुम, कमरेवर हात. "काहून वं, माह्या बागेतलं संत्रं कोणं खाल्लं?"

"मी नाही खा —"

नाही जमलं. एकदाही नाही. मी इतकी हसले की खाली बसले, डोळ्यांतून पाणी, पोरं माझी संत्री पळवतायत, आणि मी हसतेच आहे. किती वर्षांनी! दत्तूभाऊ तिथं असते तर सुपारी हातातून पडली असती.

कुसुमनं मला हात देऊन उठवलं. माझ्या पाठीवरचा चुना झटकला. मग माझ्याकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "आता नाई दुखत वाटते दाढ."

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत होती. तिला कळलं होतं का? त्या पुलावरच कळलं होतं का? मी विचारलं नाही. म्हटलं, नाही, आता नाही दुखत. आणि निघताना तिनं करंडी दिली, तिच्यावर पुडी होती.

यंदाही आली आहे. माझे बरेचसे दात आता गेले, पण ती दाढ अजून आहे. ती तेव्हाही दुखत नव्हती. त्या दिवशी मला खूप हसू येत होतं, कुसुमचा खेळ माझ्या खेळापेक्षा चांगला होता, आणि ते संत्रं मी खाल्लं.